प्रार्थनेत कुणी ‘देवाने मला तुझ्याविषयी सांगितले आहे’ म्हटले, तर ते मानलेच पाहिजे का?

नाही, तसे बंधन नाही; उलट असा संदेश पारखून घ्यावा, असे बायबलच सांगते. प्रेषित पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (५:१९-२१) दोन्ही गोष्टी एका दमात येतात: पवित्र आत्म्याला विझवू नका, संदेश तुच्छ मानू नका, पण सगळ्याची पारख करा आणि चांगले ते धरून ठेवा. करिंथच्या मंडळीलाही (चर्चलाही) त्याने हेच लिहिले, की दोघातिघांनी बोलावे आणि बाकीच्यांनी त्याची पारख करावी (१ करिंथ १४:२९). म्हणजे पारख करणे हा अविश्वास नव्हे, आज्ञापालनच आहे. घाबरू नका, वेळ घ्या आणि एवढे पाहा:

- संदेश शास्त्राच्या विरोधात जातो का?
- त्याने उन्नती, उत्तेजन, सांत्वन होते (१ करिंथ १४:३), की नुसती भीती आणि दडपण येते?
- सांगणारा पैसे किंवा आज्ञाधारकपणा मागतो का? मागत असेल तर तिथेच थांबा.

लग्न, नोकरी, औषधोपचार असे निर्णय केवळ दुसऱ्याच्या संदेशावर घेऊ नयेत, असे मला ठामपणे वाटते. एक मात्र लक्षात घ्या, सगळ्या मंडळ्या याबाबत एकमताच्या नाहीत. पेंटेकॉस्टल आणि करिश्माई मंडळ्या संदेश सांगण्यासारखी कृपादाने (पवित्र आत्म्याने दिलेल्या देणग्या) आजही चालू आहेत असे मानतात; काही सुधारित (रिफॉर्म्ड) परंपरेतील मंडळ्यांच्या मते संदेश आणि अन्य भाषांचे (न शिकलेल्या भाषेत बोलण्याचे) दान प्रेषितांच्या काळाबरोबर थांबले. दोन्ही बाजू १ करिंथ १३:८-१० चाच आधार घेतात; ‘पूर्ण ते येईल’ तेव्हा अपूर्ण ते नाहीसे होईल, असे तिथे म्हटले आहे, फक्त ‘पूर्ण ते येईल’ याचा अर्थ त्या वेगवेगळा लावतात.