हक्क कसला? तेवढंच विचारा

प्रश्न : बाई, आमचा मुलगा बारावीला आहे. तो म्हणतो, अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून झालंच नाही, राज्यांच्या हक्कांवरून झालं. आम्ही शाळेत वेगळंच शिकलो होतो. खरं काय समजायचं?
– एक वाचक, रेवदंडा

उत्तर : त्याला एवढंच विचारा, "हक्क कसला रे?" गाडी तिथेच अडेल.

माझे आजोबा चरीच्या संपातले. १९३३ ते १९३९, कुळांनी खोतांची शेतं कसलीच नाहीत. आजी लाकडाच्या मोळ्या डोक्यावरून अलिबागच्या बाजारात न्यायची. ती सांगायची, "मला तुमचं भात हवंय" असं खोत कधी म्हणाला नाही, "पिढीजात हक्क" म्हणायचा. वसुलीची त्याची पायली मात्र बाजारातल्या पायलीपेक्षा मोठी! किती मोठी, ते आजी दोन बोटं आडवी धरून दाखवायची. (खोती म्हणजे गुलामगिरी नव्हे हो. कुळाची पोरं कुणी लिलावात उभी केली नाहीत. मी बोलतेय ते त्या शब्दाबद्दल.)

तिकडे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत १८६० साली सुमारे ४० लाख माणसं मालकांच्या मालमत्तेत धरलेली होती. बैल-नांगरासारखी विकायची, गहाण टाकायची. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेला लिंकन तर जुन्या राज्यांतली गुलामगिरी मोडू म्हणतही नव्हता. नव्या मुलखात ती पसरू नये, इतकंच. मग दक्षिणेतली राज्यं एवढी का बिथरली, की देशातून फुटून निघाली? सिनेटमध्ये राज्य लहान असो की मोठं, जागा दोनच. नवं राज्य गुलामगिरीच्या बाजूचं की विरोधातलं, यावर सगळं पारडं. १८२० मध्ये नकाशावर रेघ ओढून, तिच्या उत्तरेच्या नव्या मुलखात गुलामगिरी नको, असं म्हणून भांडण मिटवलं. १८५४ मध्ये ती रेघ पुसली आणि कॅन्सस, नेब्रास्काच्या लोकांनी आपलं आपण ठरवावं म्हटलं. झालं! दोन्हीकडचे लोक कॅन्ससमध्ये घुसले आणि युद्धाच्या आधीच तिथे मुडदे पडू लागले.

आता हक्कांचं बघा. पळालेला गुलाम उत्तरेत सापडला तर धरून परत द्यायचा, असा कडक कायदा १८५० मध्ये केंद्राकडून कुणी करून घेतला? याच दक्षिणेने. उत्तरेतल्या काही राज्यांनी आपल्या अधिकारात त्याला आडकाठी केली, तर साउथ कॅरोलिनाने फुटताना त्याचंच गाऱ्हाणं लिहिलं. म्हणजे राज्याचा हक्क आपला असला तरच हक्क.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. एप्रिल १८६१ मध्ये फोर्ट सम्टर या किल्ल्यावर दक्षिणेच्या तोफा सुटल्या आणि युद्ध पेटलं, सहा लाखांवर सैनिक गेले, १८६५ मध्ये घटनाच दुरुस्त करून गुलामगिरी बंद केली.

मुलगा तरीही ऐकत नसेल, तर माझं सोडा. मिसिसिपी राज्याने फुटताना काढलेला जाहीरनामा त्याला वाचायला द्या. छोटासाच आहे. आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे बांधलेली आहे, हे त्यांनी सुरुवातीलाच, आडपडदा न ठेवता लिहून ठेवलंय.