कोटिकोनाचा कंस

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. सातवीपर्यंत इंदूरला हिंदी माध्यमात होती, यंदा नाशिकला मराठी शाळेत घातलं. 'एका कोनाचे माप त्याच्या कोटिकोनाच्या मापाच्या दुपटीपेक्षा १५° ने कमी आहे, तर तो कोन काढा.' पुस्तकातलं उत्तर ५५°, तिचं ८२.५° येतं. समीकरणं तिला छान सोडवता येतात, मग चुकतं कुठे? – एक आई

उत्तर : ताई, आधी शब्दांचं सांगते. ज्या कोनांची बेरीज ९०° त्यांना हिंदी पुस्तकात 'पूरक' म्हणतात, १८०° असेल तर 'संपूरक'. आपल्याकडे ९०° असेल तर 'कोटिकोन', आणि 'पूरककोन' म्हणजे १८०°. शब्द तोच, बेरीज दुप्पट! इंदूरहून आलेल्या लेकराचा घोळ होणारच, त्यासाठी तिला मुळीच रागावू नका. वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही शब्द मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

या गणितात मात्र तिनं ९०च घेतलेत. तिनं क्ष = २ × ९० − क्ष − १५ असं मांडलं असणार; त्यातूनच ८२.५ येतं. कंस राहिला, त्यामुळे दुप्पट फक्त ९०ची झाली.

मी वर्गात कोरा कागद घ्यायला सांगायचे. कागदाचा कोपरा म्हणजे काटकोन. त्या टोकातूनच तिरकी घडी घालायची, की कोपऱ्याचे दोन कोन होतात. एकावर 'क्ष' लिहायचं. दुसऱ्यावर मुलं हटकून 'य' लिहितात. ते खोडून (९० − क्ष) लिहायला लावायचे, कंसासकट. मग त्या दुसऱ्या कोनावर बोट ठेवून 'याची दुप्पट' म्हणायचं. अख्ख्या कोनाची दुप्पट करायची हे मुलांना तिथेच कळतं.

आता मांडणी :
क्ष = २(९० − क्ष) − १५
क्ष = १८० − २क्ष − १५
३क्ष = १६५, म्हणून क्ष = ५५

ताळा ती करत असेलच, पण स्वतःच्या समीकरणात. तिथे ८२.५ बरोब्बर बसतं, कारण समीकरणच चुकलेलं आहे! ताळा गणिताच्या वाक्यात घालून करायचा. ८२.५चा कोटिकोन ७.५, त्याची दुप्पट १५, त्यातून १५ गेले की शून्य. आणि ५५चा कोटिकोन ३५, दुप्पट ७०, वजा १५, आले ५५.

आज रात्री तिला हे द्या : कोन त्याच्या कोटिकोनाच्या तिपटीपेक्षा १०° ने जास्त आहे. उत्तर ७०° यायला हवं. न आल्यास तिनं मांडलेली पहिली ओळ जशीच्या तशी मला लिहून पाठवा.