एरोब्रिज रिकामा असूनही प्रवाशांना शिडीने का चढवतात?

आपण विचारले आहे की, टर्मिनलला जोडलेला एरोब्रिज, म्हणजे थेट विमानाच्या दारापर्यंत नेणारा बंदिस्त मार्ग, समोर रिकामा दिसत असतानाही स्वस्त दरातील विमान कंपन्या प्रवाशांना खाली उतरवून चालत विमानापर्यंत का नेतात आणि त्यातून खरोखर नाव घेण्याजोगा पैसा वाचतो का. पैसा वाचतो, मात्र त्यातला मोठा वाटा एरोब्रिजच्या भाड्यातून येत नाही. तो विमानाच्या मागच्या दारातून येतो, आणि तोही काही अटींवरच.

आधी भाड्याचा हिशेब उरकून टाकतो. अनेक विमानतळ एरोब्रिजसाठी वेगळे शुल्क घेतात. कुठे प्रत्येक वापरामागे, तर कुठे तो विमानाला जितका वेळ जोडलेला राहील त्यानुसार. रोज शेकडो उड्डाणे करणाऱ्या कंपनीसाठी वर्षअखेरीस ही रक्कम मोठी होते, हे मान्य. परंतु एरोब्रिज नाकारल्यावर शिड्या लागतात, त्या आणून लावणारी माणसे लागतात आणि प्रवासी भलतीकडे जाऊ नयेत म्हणून वाटेवर कर्मचारी उभे करावे लागतात. पुष्कळ एरोब्रिजांपाशी विमानाला वीज आणि थंड हवा पुरवण्याची सोय असते. ती नसली की जमिनीवरचा जनरेटर आणावा लागतो किंवा विमानाच्या शेपटीतले सहायक इंजिन चालू ठेवून इंधन जाळावे लागते. एका हाताने वाचवलेल्या पैशांपैकी बराचसा भाग असा दुसऱ्या हाताने जातो.

आता मागच्या दाराकडे येऊ. बोइंग 737 किंवा एअरबस ए320 या जातीच्या विमानांत साधारण 180 ते 190 प्रवासी असतात आणि त्यांच्यासाठी मधोमध एकच अरुंद मार्गिका असते. चढताना खरा वेळ दारात जात नाही, मार्गिकेत जातो. पाचव्या रांगेतला गृहस्थ बॅग वरच्या कप्प्यात कोंबत उभा राहिला की सहाव्यापासून तिसाव्या रांगेपर्यंत जाणारे सगळे त्याच्यामागे थांबतात. जेसन स्टेफन या भौतिकशास्त्रज्ञाने 2008 मध्ये या प्रश्नावर एक शोधनिबंध लिहिला. त्यातला मुद्दा असा की, एका वेळी जितके जास्त प्रवासी एकमेकांना न अडवता आपापली बॅग ठेवू शकतील, तितके चढणे लवकर उरकते. त्याने सुचवलेल्या क्रमात शेजारी बसणारे वेगवेगळ्या वेळी चढतात. तो कागदावर उत्तम आहे, मात्र कुटुंबाने एकत्र यायचे नाही, असे प्रवाशांना सांगायला कोणती कंपनी धजावेल, हा प्रश्नच आहे. मागचे दार उघडले तर हाच परिणाम कोणालाही शिस्त न लावता बऱ्याच अंशी साधतो, कारण एका मार्गिकेच्या दोन मार्गिका होतात आणि दोन माणसे एकाच वेळी दोन ठिकाणी अडथळा आणू शकतात! अशा विमानांना जोडणारा एरोब्रिज सहसा पुढच्या डाव्या दारालाच लागतो; मागच्या दारापर्यंत तो नेण्यात पंखाचा अडसर येतो. शिडीला ही अडचण नसते.

वेळ अर्थात निम्मा होत नाही, कारण मधल्या रांगांत दोन्हीकडचे लोक समोरासमोर येतात आणि चुकीच्या दाराने शिरलेला एखादा प्रवासी उलट दिशेने वाट काढत असतो. म्हणूनच युरोपातील रायनएअरसारख्या स्वस्त कंपन्या कोणी कोणत्या दाराने चढायचे ते बोर्डिंग पासवरच नमूद करतात. उतरताना फायदा अधिक स्वच्छ दिसतो. इंडिगोने ऑगस्ट 2022 मध्ये पुढची दोन आणि मागचे एक अशी तीन दारे वापरून प्रवासी उतरवण्याची पद्धत जाहीर केली, तेव्हा त्यामुळे पाच-सहा मिनिटे वाचतील, असे कंपनीचे म्हणणे होते.

पाच-सहा मिनिटांचे एवढे काय, असे आपल्याला वाटेल. विमानाचे भाडे आणि विमा ते उडो वा न उडो भरावाच लागतो, त्यामुळे दिवसातून जितकी जास्त उड्डाणे होतील, तितका हा खर्च अधिक तिकिटांवर वाटला जातो. या धंद्यात ही गोष्ट अमेरिकेच्या साउथवेस्ट या कंपनीने ठळकपणे दाखवून दिली. 1972 मध्ये पैशांच्या टंचाईमुळे तिला आपल्या चार विमानांपैकी एक विकावे लागले आणि उरलेल्या तीन विमानांवर जवळपास तेच वेळापत्रक चालवण्यासाठी तिने थांबा, म्हणजे दोन उड्डाणांमध्ये विमान जमिनीवर राहण्याचा वेळ, दहा मिनिटांवर आणला. पुढे रायनएअरने तिचाच कित्ता गिरवत 25 मिनिटांचा थांबा हा आपल्या कारभाराचा पाया केला. तिने आपली बोइंग 737-800 विमाने पुढच्या दाराखाली घडी होऊन आत जाणाऱ्या शिडीसह घेतली. या शिडीचे वजन प्रत्येक उड्डाणात वाहून न्यावे लागते आणि त्यासाठी इंधनही जळते, तरीही बाहेरच्या शिडीची वाट पाहत बसण्यापेक्षा कंपनीला ते परवडते.

येथे मात्र हिशेब नीट मांडायला हवा, कारण या विषयावरचे बरेच लेखन इथेच घाई करते. एखादे विमान दिवसाला आठ उड्डाणे करते असे धरले, तर मध्ये सात थांबे येतात. प्रत्येक थांबा 45 मिनिटांवरून 25 वर आणला, तर 140 मिनिटे मोकळी होतात. त्यात तासाभराचे एक उड्डाण आणि त्याचा थांबा सहज बसतो. परंतु रात्री विमान आपल्या तळावर परतायचे असेल, तर उड्डाणे जोडीनेच वाढवावी लागतात, आणि दोन उड्डाणे व दोन थांबे मिळून 170 मिनिटे लागतात. म्हणजे वीस मिनिटांची बचतही एकटी पुरत नाही; दिवस थोडा लांबवावा लागतो. शिवाय या वीस मिनिटांत शिडीचा वाटा काही मिनिटांचाच असतो. बाकीची बचत केबिन क्रूने स्वतः केलेली साफसफाई, मर्यादित खानपान आणि विमान येण्याआधीच खालच्या दाराशी रांगेत उभे केलेले प्रवासी यांतून येते. वाचलेल्या मिनिटांतून जादा उड्डाण निघाले नाही, तर ती विलंब भरून काढण्यासाठी उपयोगी पडतात. ही बचत खरी आहे, फक्त तिचे मोल त्या मानाने कमी आहे.

गंमत अशी की, कंपनीची एक काटकसर दुसरीच्या मुळावर येते. सामानासाठी वेगळे पैसे घेतले की लोक सगळे काही केबिनमध्ये आणू लागतात आणि मार्गिका पुन्हा तुंबते. रायनएअरने नोव्हेंबर 2018 पासून साध्या तिकिटावर केवळ एक लहान बॅग आत नेऊ देण्याचा नियम केला. कंपनीने विलंब टाळण्याचे कारण दिले होते, आणि अशा नियमातून उत्पन्नही मिळते, हा योगायोग तिला नकोसा झाला असेल असे वाटत नाही.

आता साउथवेस्टचेच उदाहरण उलट बाजूने पाहा. स्वस्त प्रवासाची ही आद्य कंपनी आजही बहुतेक ठिकाणी एरोब्रिजच वापरते, कारण अमेरिकेतील अनेक विमानतळांवर गेट दीर्घ मुदतीच्या कराराने कंपनीकडे असते आणि एरोब्रिज त्यातच येतो. तो न वापरल्याने त्या दिवशी काहीच वाचत नाही. एरोब्रिज टाळणे हा स्वस्त कंपनीचा स्वभाव नसून विमानतळाच्या दरपत्रकाला दिलेले उत्तर आहे, असे माझे मत त्यामुळेच झाले आहे.

काही विमानतळांनी मग टर्मिनलच एरोब्रिजविना बांधले. 2006 या एकाच वर्षात फ्रान्समधील मार्सेयचे एमपी2, क्वालालंपूरचे एलसीसीटी आणि सिंगापूरच्या चांगीचे बजेट टर्मिनल सुरू झाले. इमारत साधी, प्रवासी चालत विमानाकडे जाणार आणि शुल्क कमी, अशी ही योजना होती. ती मात्र सर्वत्र टिकली नाही. चांगीचे टर्मिनल 2012 मध्ये बंद झाले आणि त्या जागी 2017 मध्ये एरोब्रिज असलेले टर्मिनल 4 उभे राहिले. क्वालालंपूरला 2014 मध्ये एलसीसीटीची जागा घेणाऱ्या केएलआयए2 या टर्मिनलमध्येही एरोब्रिज आले, आणि तेही मलेशियाच्या एअरएशिया या स्वस्त कंपनीला ते नको असताना. प्रवाशांची संख्या वाढली की विमाने दूरदूर उभी राहतात आणि चालत जाण्याचे अंतर आवाक्याबाहेर जाते. मग बस येते, आणि बसने शिडीचा बराचसा फायदा संपतो, कारण प्रवासी सलग न येता खेपांनी येतात.

या पद्धतीचा काही खर्च इतरांवर पडतो, हेही सांगायला हवे. पाऊस, वारा आणि ओल्या पायऱ्या प्रवाशाच्या वाट्याला येतात. जवळपास वीज चमकत असेल, तर एप्रनवरचे, म्हणजे विमाने उभी राहतात त्या मोकळ्या जागेवरचे, काम थांबते आणि त्याबरोबर चढणेही. व्हीलचेअरवरील प्रवाशासाठी वर उचलणारे वाहन किंवा रॅम्प लागतो. युरोपीय संघाच्या 2006 च्या नियमानुसार ही मदत पुरवण्याची जबाबदारी विमानतळाची आहे आणि तिचा खर्च तो सर्व कंपन्यांकडून प्रवासीसंख्येच्या प्रमाणात वसूल करू शकतो. म्हणजे एरोब्रिज वापरणारी कंपनीही शिडी वापरणाऱ्या कंपनीच्या सोयीसाठी पैसे भरते.

पुढे एरोब्रिज आणि मागे शिडी असे एकत्र का करत नाहीत, हा प्रश्न यानंतर आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. काही विमानतळांवर तसे करतात. पण त्यात एरोब्रिजचे भाडे चुकत नाही, निम्म्या प्रवाशांना वरच्या मजल्यावरून जिन्याने खाली आणावे लागते आणि कर्मचारी दोन्ही वाटांवर ठेवावे लागतात. जिथे भाडे आधीच भरलेले असते आणि जिना जवळच असतो, तिथे हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. इतरत्र कंपनी दोन्ही शिड्याच लावणार.