ट्रॅक डेसाठी टायरमध्ये हवा किती ठेवावी?

तुम्ही रत्नागिरीहून कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर ट्रॅक डेसाठी, म्हणजे स्वतःची गाडी ट्रॅकवर चालवण्याच्या दिवसासाठी, पहिल्यांदाच हॅचबॅक नेत आहात आणि दाराच्या स्टिकरवर छापलेली ३३ पीएसआय हवाच कायम ठेवावी का, असे विचारले आहे. मी मालवणचा असून स्वतःची गाडी ट्रॅकवर नेत आलो आहे. माझे स्पष्ट मत असे की तेवढ्या हवेने ट्रॅकवर उतरू नये.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, ट्रॅकवर मात्र पकड ठरते ती तापलेल्या टायरच्या दाबावर. सकाळी २७ अंशांना भरलेली ३३ पीएसआय हवा टायरच्या आत ७५ अंशांपर्यंत तापली, तर दाब ४० च्या वर जातो. मग टायरचा मधला भाग फुगतो, कडा रस्त्यावर नीट टेकत नाहीत आणि गाडी वळणात बाहेर सरकू लागते. म्हणून हिशेब उलटा करावा. साध्या रस्त्याच्या टायरसाठी मी पुढच्या चाकांत गरम असताना ३५ च्या आसपास दाब धरतो. वरच्याच तापमानांनी मागे मोजले, तर थंड असताना तो जेमतेम २८ भरतो. तरीही पहिल्या फेऱ्यांना ३० नेच सुरुवात करा, कारण हवा कमी असलेला टायर वळणात दुमडतो आणि त्याच्या कडा झिजतात. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर येताच, टायर निवायच्या आत, चारही चाके मोजून जास्तीची हवा सोडा. पुढची चाके इंजिनाची ओढ, ब्रेक आणि वळण असे तिन्ही भार घेत असल्यामुळे अधिक तापतात, आणि उजवी वळणे जास्त असलेल्या ट्रॅकवर डावी बाजू. तेव्हा चारही आकडे सारखे येतील अशी अपेक्षा ठेवू नका. टायरच्या कडेवर आडव्या खडूच्या रेघा ओढून ठेवल्या, तर त्या कुठपर्यंत पुसल्या यावरून टायर किती दुमडला ते दिसते. टायरच्या बाजूच्या उभ्या भागापर्यंत पुसल्या असतील, तर हवा वाढवा.

आपल्याकडची एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कोकणच्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते, आणि ते टायरमध्ये गेले की तापल्यावर त्याची वाफ होऊन दाब हिशेबापेक्षा जास्त चढतो. हवा भरण्यापूर्वी पंक्चरवाल्याला टाकीतले पाणी काढायला सांगा. नायट्रोजनचा ट्रॅकवरचा खरा फायदाही तो कोरडा असतो हाच आहे. शिवाय कोइमतूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर असल्यामुळे किनाऱ्यावर भरलेली हवा तेवढ्याच तापमानाला तिथे गेजवर साधारण पाऊण पीएसआय जास्त दिसते. म्हणून अंतिम मोजणी ट्रॅकवरच, आणि प्रत्येक वेळी त्याच एका गेजने करा.

परतीच्या प्रवासाआधी टायर पूर्ण निवू द्या आणि पुन्हा ३३ पीएसआय हवा भरा. सामानाने भरलेली गाडी २८ च्या हवेवर आंबा घाटातून खाली आणू नका.