प्रोबायोटिकने नैराश्य जाईल का? गोळी बंद करू का?

पोटातल्या जीवाणूंचा नैराश्याशी संबंध आहे. म्हणून प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवंत जीवाणूंचं औषध, घेऊन नैराश्यावरची गोळी बंद करायची का, तर अजिबात नाही.

ठाण्याच्या नौपाड्यात माझं औषधांचं दुकान आहे. तुमचाच प्रश्न काउंटरवर हल्ली वरचेवर येतो आणि त्यामागे बहुधा तोच फॉरवर्ड असतो: ‘शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं.’ सेरोटोनिन म्हणजे मनःस्थितीशी जोडलेलं रसायन, नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या त्याच्यावरच काम करतात. वाक्य खरं आहे, पण पोट सुधारलं की नैराश्य जाईल, हा त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा. ते सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही, आतड्याची हालचाल सांभाळतं. गोळी सुरू केल्यावर पहिले काही दिवस अनेकांना मळमळतं, पोट बिघडतं, त्यामागेही हेच आतड्यातलं सेरोटोनिन आहे.

जीवाणूंचा निरोप मेंदूपर्यंत जातो तो वेगळ्या वाटांनी. व्हेगस नावाची लांबलचक नस, प्रतिकारशक्तीची रसायनं, शिवाय आपल्याला न पचणाऱ्या तंतूंपासून जीवाणू बनवतात ती ब्युटिरेटसारखी आम्लं. २०११ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना लॅक्टोबॅसिलस या जीवाणूचा जेबी-१ हा स्ट्रेन (उपप्रकार) दिला. उंदरांची घबराट कमी झाली. व्हेगस कापलेल्या उंदरांना तोच स्ट्रेन दिला, तर परिणाम गायब! मला हा प्रयोग फार आवडतो. पण २०१७ मध्ये कॉर्कलाच तो स्ट्रेन निरोगी पुरुषांना देऊन पाहिला, तेव्हा त्यांच्या ताणात काही फरक पडला नाही. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

बेल्जियममधल्या हजारावर लोकांच्या पाहणीत (२०१९) नैराश्य असलेल्यांच्या आतड्यात कोप्रोकॉकस आणि डायलिस्टर हे जीवाणू कमी आढळले. आता ते कमी झाले म्हणून मन खचलं, की मन खचल्यावर खाणंपिणं विस्कटून ते कमी झाले, हे अशा पाहणीतून कळत नाही.

माझ्याकडे सर्रास खपणाऱ्या प्रोबायोटिकच्या छोट्या प्लास्टिकच्या कुपीत बॅसिलस क्लॉसी हा जीवाणू असतो. डॉक्टर ती जुलाबाला लिहून देतात, नैराश्याला नाही. खोक्यावर ‘प्रोबायोटिक’ ठळक असतं, स्ट्रेनचं नाव मुंगीएवढ्या अक्षरात. ते वाचल्याशिवाय पैसे घालवू नका.

त्यापेक्षा जेवणाकडे बघा. ऑस्ट्रेलियात २०१७ च्या एका चाचणीत नैराश्याच्या ६७ रुग्णांपैकी निम्म्यांना १२ आठवडे भाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, मासे असा आहार दिला. त्यांच्यातल्या सुमारे ३२ टक्के लोकांची लक्षणं जवळपास गेली, दुसऱ्या गटात ८ टक्क्यांची. चाचणी लहान होती आणि बहुतेकांचे उपचार सुरूच होते, हे विसरू नका. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, ताक खुशाल वाढवा, गोळीच्या जोडीला.

गोळी एकदम सोडली तर चक्कर येऊ शकते, डोक्यात शॉक बसल्यासारखं होऊ शकतं, आजार उलटू शकतो. डोस कमी करायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी आहे, नावाला बिचकू नका. आणि रात्री-अपरात्री फारच वाईट वाटलं तर १४४१६ ही टेली-मानसची मोफत हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं.