कुकरची शिट्टी, सेलची झडप आणि कलम ३(एफ)
वाचकांचे प्रश्न : पेटंट आणि परीक्षण

प्रश्न : भोसरीत आमचा प्रेस पार्ट्सचा छोटा कारखाना आहे. लिथियम-आयन बॅटरीच्या चौकोनी ॲल्युमिनियम सेलमध्ये साचणाऱ्या वायूचा दाब आटोक्यात ठेवणारी एक यंत्रणा आम्ही सेलच्या झाकणात बसवली आहे. आतला दाब वाढला की झाकणातील पातळ पत्रा बाहेर फुगतो आणि त्याला जोडलेली दांडी वर सरकते. पहिल्या टप्प्यात ही दांडी झाकणातल्याच एका बंद कोठडीचे तोंड उघडते. त्या कोठडीत वायू शोषणारे दाणे भरलेले आहेत. दाब त्याहीपुढे वाढला तर त्याच दांडीचे अणकुचीदार टोक खाचा पाडलेल्या पापुद्र्याला भोक पाडते आणि वायू बाहेर पडतो. अर्जातील आमचा पहिला दावा, म्हणजे कशावर हक्क मागतो ते सांगणारे वाक्य, ‘पहिले दाबमुक्ती साधन व दुसरे दाबमुक्ती साधन असलेली, बॅटरी सेलमधील दाब नियंत्रित करणारी यंत्रणा’ असा आहे. आता परीक्षण अहवाल आला आहे. त्यात तीन जुने दस्तऐवज दाखवले आहेत : निकेल-कॅडमियम सेलची उघडून पुन्हा बंद होणारी झडप, लिथियम सेलच्या झाकणातला खाचांचा पापुद्रा, आणि सेलमध्ये ठेवलेले वायुशोषक दाणे. कल्पकतेचा अभाव आणि पेटंट कायद्याचे कलम ३(एफ), म्हणजे माहीत असलेल्या साधनांची नुसती मांडणी, असे दोन आक्षेप आहेत. आमची यंत्रणा उत्तम चालते, त्याची चित्रफीतही आहे. अर्ज फेटाळला गेला असे समजायचे का?
— एक उद्योजक, पुणे

उत्तर : नाही. आपल्या हाती आलेला कागद हा प्रथम परीक्षण अहवाल आहे, निकाल नव्हे. परीक्षक जुने वाङ्मय धुंडाळून आपले मत नियंत्रकाला कळवतो; पेटंट द्यायचे की नाही, हे नियंत्रक ठरवतो, आणि अर्जदाराला सुनावणीची संधी दिल्याशिवाय तो अर्ज नामंजूर करू शकत नाही. अहवालाच्या तारखेपासून उत्तरासाठी ६ महिने असतात, शुल्क भरून मुदतवाढही मागता येते; मात्र मुदत उलटली तर कलम २१ नुसार अर्ज सोडून दिला असे मानले जाते, आणि मग यंत्रणा कितीही उत्तम असली तरी तिचा उपयोग नाही. तेव्हा पहिले काम म्हणजे ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवणे.

आता आक्षेपांकडे वळू. ‘यंत्रणा चालते’ हे आपण पत्रात ठासून सांगितले आहे, पण ती चालत नाही असे परीक्षकाने कुठेही म्हटलेले नाही. त्याचे म्हणणे असे, की तिन्ही भाग आधीपासून माहीत होते आणि ते एकत्र आणण्यात या क्षेत्रातल्या जाणकाराला काही विशेष सुचावे लागले नसते. नावीन्याच्या आक्षेपासाठी दाव्यातली प्रत्येक गोष्ट एकाच जुन्या दस्तऐवजात सापडावी लागते. कल्पकतेच्या आक्षेपासाठी दोन-तीन दस्तऐवजांची सांगड घालता येते, पण ती का घातली गेली असती याचे कारण द्यावे लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ॲग्रीबोर्ड इंटरनॅशनलच्या प्रकरणात हेच बजावले : जुने ज्ञान कोणते, अर्जातला शोध कोणता आणि जाणकाराला तो सहज कसा सुचला असता, या तिन्हींचा विचार आदेशात दिसला पाहिजे. आपल्या अहवालात यातला तिसरा भाग एका वाक्यात उरकला असेल, तर उत्तरात त्यावर नेमके बोट ठेवावे.

पण आधी स्वतःच्या दाव्याकडे बघू या, कारण माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. ‘पहिले साधन व दुसरे साधन’ असे लिहिताना आपल्याला वाटले असेल की जाळे जितके मोठे तितकी मासळी जास्त. पेटंटच्या दाव्यात मात्र जाळे फार मोठे झाले की त्यात आधीच्या लोकांची मासळीही सापडते. सेलमधून वायू बाहेर जाऊ देणाऱ्या रचनांना पेटंटच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एच०१एम ५०/३० असा वेगळा गट आहे. त्यात पुन्हा बंद होणाऱ्या झडपा ५०/३१७ खाली आणि एकदाच फुटणारे पापुद्रे ५०/३४२ खाली येतात, तर दाब वाढताच विद्युतप्रवाह तोडणाऱ्या रचना ५०/५७८ मध्ये सापडतात. ही मांडणी २०२१ ची आहे. त्याआधीच्या दस्तऐवजांवर एच०१एम २/१२ हा जुना क्रमांक दिसतो. हे सारे कप्पे खच्चून भरलेले आहेत, आणि दाब सोडणारी दोन साधने असलेल्या रचना त्यांत नक्कीच सापडतील. आपल्या पहिल्या दाव्यात ना दांडी आहे, ना कोठडी, ना दाणे. म्हणजे जे आपले आहे तेच दाव्यात नाही.

कलम ३(एफ) समजून घ्यायला स्वयंपाकघरातला प्रेशर कुकर पुरेसा आहे. वाफेचा दाब वाढला की शिट्टी उचलली जाते, वाफ सोडते आणि पुन्हा खाली बसते. शिट्टीत भाताचे शीत अडकले आणि कुकर फार तापला, तर झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह वितळतो आणि मग तो बदलावाच लागतो. दोघे एकाच झाकणावर आहेत, पण एकमेकांशी त्यांचा काही संबंध नाही. शिट्टी काढून टाकली तरी व्हॉल्व्ह त्याचे काम करीलच. माहीत असलेली साधने नुसती शेजारी-शेजारी मांडली आणि प्रत्येक आपापल्या परीने, पूर्वीसारखेच काम करत राहिले, तर कायदा त्या मांडणीला शोध मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात हाच विचार मांडला. वादाचा विषय होता भांडी घासूनपुसून चकचकीत करताना ती लेथवर पकडून ठेवण्याची पद्धत. कारखान्यातल्या कारागिराने सहज केली असती अशी सुधारणा आणि शोध यांत न्यायालयाने फरक केला, आणि ते पेटंट टिकले नाही. भारतातल्या परीक्षकांच्या पत्रांत हा निकाल आजही वारंवार भेटतो.

आपली यंत्रणा कुकरसारखी आहे का? पत्रावरून तरी तसे दिसत नाही. एकच दांडी आधी कोठडी उघडते आणि पुढे सरकून पापुद्रा फोडते. दांडी काढली तर दोन्ही टप्पे थांबतात. हे परस्परावलंबन ३(एफ) च्या आक्षेपाला दिलेले निम्मे उत्तर आहे. पहिल्या दस्तऐवजाबाबत तर आपली बाजू आणखी भक्कम आहे. निकेल-कॅडमियम सेलमध्ये पाण्यात विरघळवलेला क्षार असतो. तिथली झडप क्षणभर बाहेर उघडून मिटली तरी फारसे बिघडत नाही. लिथियम-आयन सेलमध्ये सहसा वापरले जाणारे लिथियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट हे लवण मात्र ओलाव्याशी संयोग पावून हायड्रोजन फ्लोराइड तयार करते, आणि बाहेरची दमट हवा आत येऊ देणारी झडप म्हणजे संकटाला आमंत्रण. म्हणून या क्षेत्रातला जाणकार ती जुनी झडप उचलून इथे बसवायला धजावला नसता. शिवाय आपला पहिला टप्पा बाहेर उघडतच नाही, तो वायूला आतल्या आत वळवतो. हा मुद्दा उत्तरात सर्वांत आधी यावा.

आता अहवालात नसलेला, पण सुनावणीत हमखास विचारला जाईल असा प्रश्न. दाणे भरलेली कोठडी पहिल्या दिवसापासूनच उघडी ठेवली असती तर काय बिघडले असते? झाकणात तेवढीच जागा, तेवढेच दाणे. मग तोंड बंद ठेवून दांडीने उघडण्याचा खटाटोप कशासाठी? केवळ जास्त जागा मिळते म्हणून, असे उत्तर दिले तर ते टिकणार नाही. समजा सेलमध्ये वायूसाठी १० मिलिलिटर जागा आहे आणि कोठडी २ मिलिलिटरची, पूर्ण निर्वात आहे. ती उघडल्यावर तापमान तेच राहिले तर दाब मूळच्या दहा-बारांशावर येईल, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांनी उतरेल. पण ती आधीपासून उघडी असती तरी शेवटी दाब तितकाच राहिला असता. दुसरे उत्तर मात्र वजनदार आहे. सेल नवा असताना पहिल्या चार्जिंगमध्ये वायू सुटतो आणि द्रावकाची वाफ तर कायमच असते. कोठडी उघडी असती तर दाणे त्यातच भरून गेले असते आणि सेल म्हातारा झाल्यावर, खरी गरज पडेल तेव्हा, निकामी ठरले असते. म्हणून ते बंद ठेवायचे आणि गरजेच्या क्षणी दाबानेच उघडायचे. आपल्या कारखान्यात हा विचार झाला असणारच. तो अर्जाच्या मूळ वर्णनात उतरला आहे का, हे आजच उघडून पाहा. एक वाक्य जरी असले तरी तुमचे निम्मे काम झाले.

मी हे इतक्या आग्रहाने सांगतो याचे कारण कलम ५९. अर्ज दाखल झाल्यावर दाव्यांत बदल करता येतो, पण तो व्याप्ती कमी करणारा, दुरुस्तीचा किंवा स्पष्टीकरणाचा असावा लागतो, आणि मूळ वर्णनात जे नव्हते ते नंतर घुसवता येत नाही. दांडी, कोठडी आणि दाणे वर्णनात व आकृत्यांत असतील तर पहिला दावा साधारण असा लिहावा : सेलच्या दाबाने फुगणारा पत्रा; त्याला जोडलेली दांडी; झाकणातील बंद, वायुशोषक दाण्यांची कोठडी; आणि दांडीच्या सरकण्याच्या पहिल्या अंतरात कोठडी उघडेल व त्यापुढील अंतरात तीच दांडी पापुद्रा भेदेल अशी रचना. दाबाचे आकडे, पत्र्याची जाडी, दाण्यांचा प्रकार हे पहिल्या दाव्यात घालू नका; ते त्यावर अवलंबून असलेल्या पुढच्या दाव्यांत ठेवा. आकडे घातले की पेटंट लवकर मिळते हे खरे, पण शेजारचा कारखानदार तो आकडा थोडा सरकवून मोकळा होतो. दांडीची अट मात्र सोडू नका. तिच्यामुळे दोन स्वतंत्र दांड्या वापरणारा स्पर्धक सुटेल, याची हळहळ वाटेल. पण दोन स्वतंत्र दांड्या म्हणजे पुन्हा कुकरच, आणि तो दावा आपल्याला मिळणार नव्हताच.

चित्रफितीऐवजी चाचणीचा आलेख जोडा : उघडी कोठडी आणि बंद कोठडी अशा दोन सेलमध्ये दाब कसकसा चढत गेला, याची तुलना. वर्णनात सांगितलेल्या परिणामाला पुरावा म्हणून तो देता येतो, मात्र मूळ वर्णनाचा भाग करता येत नाही. सुनावणी झाली तर त्यानंतर १५ दिवसांत लेखी म्हणणे द्यावे लागते, तेव्हा आलेख आधीच तयार असलेला बरा.

प्रश्न : बॅटरी पॅकमधील सेलवर बाहेरून सारखा दाब ठेवणारी स्प्रिंगची चौकट आम्ही गेल्या वर्षी एका औद्योगिक प्रदर्शनात मांडली होती. आता पेटंटचा अर्ज करता येईल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : प्रदर्शन कोणते होते यावर सगळे अवलंबून आहे. आधी लोकांसमोर मांडलेला शोधही नवाच मानण्याची कलम ३१ ची सवलत सर्व प्रदर्शनांना नाही. केंद्र सरकारने ज्या प्रदर्शनाला अधिसूचनेद्वारे हे कलम लागू केले असेल त्यालाच ती मिळते, आणि तीही अर्ज १२ महिन्यांच्या आत केला तर. १५ मार्च २०२४ पासूनच्या सुधारित नियमांत त्यासाठी ‘नमुना ३१’ हा फॉर्म ठरवून दिला आहे. अधिसूचना नसेल तर आपलीच मांडणी आपल्याविरुद्ध जुने ज्ञान म्हणून उभी राहील. तरीही एक वाट उरते : प्रदर्शनात लोकांना चौकट दिसली, पण स्प्रिंगचा ताण सेल फुगताना कसा स्थिर राहतो ती आतली रचना दिसली किंवा समजली का? ती झाकलेली असेल, पत्रकातही नसेल, तर तेवढ्यापुरता अर्ज विचारात घेण्याजोगा आहे. मांडणीची छायाचित्रे आणि वाटलेली पत्रके घेऊन सल्लागाराकडे जा. आठवणीवर विसंबू नका.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे. परीक्षक झडपेचा नमुना प्रत्यक्ष पाहतात का? आणि बॅटरी पॅक एआयएस-१५६ च्या चाचणीत उत्तीर्ण झाला तर पेटंट मिळणे सोपे जाते का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : नियंत्रकाला नमुना मागवण्याचा अधिकार कलम १० मध्ये आहे, पण सर्वसाधारणपणे परीक्षण कागदावरच होते; म्हणून आकृतीतल्या प्रत्येक भागाला क्रमांक देऊन तो वर्णनात समजावून सांगणे हाच आपला नमुना. एआयएस-१५६ हे दुचाकी-तिचाकींच्या बॅटरीसाठीचे सुरक्षा मानक आहे. त्यातल्या वाढीव अटी १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. ती चाचणी बॅटरी सुरक्षित आहे का हे पाहते, परीक्षक ती नवी आहे का हे पाहतो. शंभर वर्षे जुनी झडपही चाचणीत उत्तीर्ण होऊ शकते. उलट, मानकातच वायू सोडणाऱ्या झडपेची अट असेल तर ‘पॅकला झडप बसवली’ एवढ्याला कल्पकता म्हणणे अधिकच अवघड होते. शुल्काबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो : व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांना ऑनलाइन अर्जासाठी १,६०० रुपये आणि परीक्षणाच्या विनंतीसाठी ४,००० रुपये पडतात. ही विनंती वेगळी करावी लागते, आणि नव्या अर्जांसाठी तिची मुदत ४८ वरून ३१ महिन्यांवर आली आहे.