इब्युप्रोफेनचा पीकेए पुस्तकाशी का जुळत नाही?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी असलेल्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात मी शिकवते. सामूमापक (पीएच मीटर), ब्युरेट आणि मॅग्नेटिक स्टिरर एवढीच आमची सामग्री. इब्युप्रोफेन हे वेदनाशामक औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून विद्यार्थ्यांनी ते निम्मे मिथेनॉल असलेल्या पाण्यात विरघळवून कॉस्टिक सोड्याने अनुमापन (टायट्रेशन) केले. औषधाच्या आम्लतेचा आकडा, म्हणजे पीकेए (तो जितका मोठा तितके आम्ल दुबळे), ५.५ आला, पुस्तकात तो ४.५ च्या आसपास आहे. चूक कुठे झाली?

उत्तर : विद्यार्थ्यांचे माप चुकले असे मला वाटत नाही, त्यांनी मोजला तो त्या मिश्रणातला पीकेए आहे, पाण्यातला नव्हे. मिथेनॉलमुळे द्रावणाचा परावैद्युतांक (विद्युत प्रभारांमधले आकर्षण क्षीण करण्याची क्षमता) उतरतो, धन आणि ऋण आयन एकमेकांपासून पाण्यातल्याइतके सहज सुटत नाहीत आणि आम्ल आहे त्यापेक्षा दुबळे भासते. लिडोकेनसारख्या अल्कधर्मी औषधाचा आकडा याउलट खाली येतो. उपाय असा की ६०, ५० आणि ४० टक्के मिथेनॉलमध्ये स्वतंत्र अनुमापने करून मिळालेले आकडे आलेखावर मांडावेत आणि रेषा शून्य टक्क्यापर्यंत वाढवावी. काटेकोर काम करणारे यासाठी मिश्रणाचा परावैद्युतांक हिशेबात घेणारा यासुदा-शेडलोव्स्की पद्धतीचा आलेख वापरतात. मात्र मिथेनॉल कमी करताना औषधाचे प्रमाणही कमी ठेवावे, कारण द्रावण जरा जरी गढूळ झाले तरी ते माप टाकून द्यावे लागते.

तरीही मापात थोडीफार खोट असलीच, तर माझा संशय हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवर आहे. उघड्या कॅनमधले डिस्टिल्ड वॉटर तो शोषून घेते, कॉस्टिक सोडाही घेतो, आणि त्यातून बनणाऱ्या कार्बोनिक आम्लाचा पीकेए ६.३५ असल्यामुळे नेमका तुमच्या वक्राचा (घातलेल्या सोड्यानुसार सामू कसा चढतो त्याच्या आलेखाचा) वरचा भाग बिघडतो. पाणी दहा-पंधरा मिनिटे उकळून झाकून थंड करावे, सोड्याचे द्रावण ताजे करून पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने प्रमाणित करावे आणि नायट्रोजनचा सिलिंडर मिळाला तर उत्तमच. अर्ध्या उदासीनीकरणाच्या, म्हणजे निम्मे आम्ल संपून सामू पीकेएइतका होतो त्या, एकाच बिंदूवर विसंबू नये. संपूर्ण वक्रावरून काढलेला आकडा अधिक भरवशाचा असतो.

आपल्याकडे वैशाखात प्रयोगशाळेतच पारा चाळिशीला टेकतो, पुस्तकातले आकडे मात्र बहुधा २५ अंशांचे असतात. कार्बॉक्सिलिक आम्लांना याचा फारसा फरक पडत नाही. अमाइन गटाच्या औषधांचा पीकेए मात्र दर अंशाला साधारण ०.०३ ने उतरतो, म्हणजे पंधरा अंशांत जवळजवळ अर्धा एकक. बोरॅक्सचे बफर (ठरावीक सामूचे द्रावण)देखील २५ अंशांना ९.१८ आणि ४० अंशांना ९.०७ दाखवते, तेव्हा सामूमापक त्याच तापमानाला जुळवून घ्यावा आणि वहीत तापमान न चुकता लिहावे.

शेजारच्या महाविद्यालयात यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर (अतिनील प्रकाशाचे शोषण मोजणारे यंत्र) असेल तर अगदी विरळ द्रावणावर वेगवेगळ्या सामूच्या बफरांत शोषण मोजूनही पीकेए काढता येतो. पण त्यासाठी पॅरासिटामॉल निवडावे, ज्याचा पीकेए ९.५ च्या जवळ आहे आणि ज्याचा फिनॉल गट आयनीभूत होताच शोषणाचा पट्टा ठळकपणे सरकतो. इब्युप्रोफेनचा आम्ल गट रेणूतल्या बेंझिनच्या वलयाला थेट जोडलेला नाही, त्यामुळे तिथे हा बदल फार थोडा दिसतो आणि त्याच्यासाठी तुमची ब्युरेटच बरी.